तीन सुतांचा दाब

फेब्रुवारीत चिखलदऱ्याला जायचं, थंडीत तिथली कॉफी प्यायची आणि जाता जाता अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावात एका गोधडीचं काय बिनसलंय ते बघून यायचं, असा माझा चार दिवसांचा बेत होता. प्रत्यक्षात कॉफी राहिली आणि चारही दिवस गोधडीनेच खाल्ले. तेव्हा चिखलदऱ्याची माहिती शोधत इथवर आलेल्यांना आधीच सांगते, ती इथे मिळणार नाही. मी घाटापर्यंत पोचलेच नाही. हे लिहावं की नाही यात माझे आठ दिवस गेले, कारण यात माझी शोभा झाली आहे आणि ती रास्तच झाली आहे.

सुरुवात एका फोनने झाली. मी नाशिकला घरी क्विल्टिंगचे, म्हणजे तुकडे जोडून गोधड्या शिवायचे वर्ग घेते, काही ऑनलाइनही घेते, आणि मागेल तिला शिवलेला नमुना पोस्टाने पाठवते. जानेवारी संपता संपता एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“त्रिकोनवाल्या मॅडम बोलून राहिल्या का?”

नाव ऐकून मला हसू आलं, पण मी हो म्हटलं.

“मी वंदना बोलून राहिली, अंजनगावकडून. आमी सात जनींनी तुमी धाडलेल्या नमुन्यावरून त्रिकोन शिवले. पुतनीच्या लग्नात गोधडी द्याची आहे. पन मॅडम, जोडच बसून नाही राहिला. आन लग्नाले तीन हप्ते राहिले.”

“किती तुकडे शिवलेत?”

“पाचशे साठ.”

मी खुर्चीत बसले. पाचशे साठ तुकडे हाताशी आणि जोड बसत नाही, याचा अर्थ ज्याला क्विल्टिंग येतं त्याला लगेच कळतो. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन रंगांचे दोन चौकोन घ्यायचे, एकमेकांवर पालथे ठेवायचे, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही अंगांनी शिलाई घालायची आणि मग रेघेवरून कापायचं. उघडलं की दोन चौकोन मिळतात, प्रत्येकात दोन रंगांचे दोन त्रिकोण. याला आम्ही हाफ स्क्वेअर ट्रँगल म्हणतो, लाडाने एचएसटी. दिसायला बालवाडीतला खेळ, पण यासारखं फसवं काम दुसरं नाही. शिलाई रेघेपासून दोन सूत लांब हवी. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत, शिंपी आणि सुतार दोघंही याच भाषेत बोलतात. शिवलेला तुकडा तीन इंचांचा भरायला हवा असेल तर चौकोन तीन इंच सात सूत कापायचा, आणि उघडल्यावर कडेच्या शिलाईची जागा धरून तो बरोब्बर साडेतीन भरला पाहिजे. एक सूत चुकलं तर अठ्ठावीस तुकड्यांच्या ओळीत ते साडेतीन इंच होतं. मी गेली अकरा वर्षं हेच शिकवते. वाकडं दिसलं की माझे हात शिवशिवतात, हा माझा गुण आहे असं मी परवापर्यंत समजत होते.

पहिला दिवस प्रवासातच गेला. नाशिक रोडहून सकाळची गाडी धरली तर दुपार कलता कलता बडनेऱ्याला उतरता येतं. स्लीपरचं तिकीट पुरतं, फक्त फेब्रुवारीतही खिडकीची बाजू उन्हाची निघाली तर सुपारीएवढं तोंड होतं. शेगावला गाडी थांबली की कचोरी घ्या, मात्र उतरून घ्या, डब्यात येणारी गार असते. बडनेऱ्याहून अमरावतीला शेअर ऑटो मिळतात. मी राजकमल चौकाजवळ एका साध्या लॉजवर उतरले, खोली आठशे रुपयांना, चादर स्वच्छ, गिझर नावालाच. संध्याकाळी गिला वडा खाल्ला. दह्यात बुडवलेला वडा आणि वरून झणझणीत चटणी. आपल्याकडच्या दहीवड्याची अपेक्षा ठेवून गेलात तर पहिला घास धक्का देईल. दुसरी प्लेट मी स्वतःहून मागितली.

गोधडीच्या पाठीसाठी मांजरपाट घ्यायचं होतं. दुकानदार पन्नाशीचे होते, मांडी घालून गादीवर बसलेले. मी आठ मीटर मागितलं आणि ते कशाला हवंय तेही सांगून बसले.

“म्हनजे चांगलं कापड आधी कापता?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आन मंग जोडता?”

“हो.”

“काहून?”

या ‘का’ला मला अकरा वर्षांत उत्तर सापडलेलं नाही. मी पैसे दिले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे गाडी माहेरवाशिणींनी भरलेली होती. दर्यापूरकडून जाणारी गाडी मिळाली, रस्ता बहुतेक ठिकाणी बरा, मध्ये मध्ये कंबरेची परीक्षा घेणारा. दोन्हीकडे काळी जमीन, हरभरा, कुठे कुठे वेचून झालेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. शेजारच्या बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत माझं गाव, नवऱ्याची नोकरी, मुलं किती, आणि मी केस का रंगवत नाही एवढं विचारून घेतलं. मला राग यायच्या आधीच त्यांनी पिशवीतली बोरं माझ्या ओंजळीत ओतली. इथे चौकशी आणि पाहुणचार एकाच पिशवीतून निघतात.

अंजनगावहून वंदनाताईंच्या दिरांची रिक्षा आली होती. गाव सात-आठ किलोमीटरवर. नाव मुद्दाम देत नाही. वंदनाताईंचं घर माळ्याचं, मागे शेवंती आणि झेंडू, पलीकडे वांगी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर हे मला तिथे कळलं, तोवर मी भाजीत डाळ कुठे आहे ते शोधत होते. वंदनाताई चाळिशीच्या, उंच, बोलायला तडक. नवरी म्हणजे प्रणाली, त्यांच्या थोरल्या दिराची मुलगी. राहायला शेजारच्याच घरात, पण दिवसभर काकूकडेच. तेवीस-चोवीस वर्षांची, अंगाने बारीक, तालुक्याला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला जाणारी.

“जेवून घ्या आधी,” वंदनाताई म्हणाल्या. “जेवल्याबिगर त्रिकोन दाखवनार नाही.”

वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा. डोळ्यांतून पाणी काढत मी दोन भाकरी खाल्ल्या. तोवर एकेक बाई येऊन बसली. मी मोजलं तर वंदनाताई धरून सहा.

“सातव्या कुठे आहेत?” मी विचारलं.

वंदनाताईंनी प्रणालीकडे पाहिलं. “ते नाही येत,” म्हणाल्या, आणि उठून पाणी आणायला गेल्या.

सात बायका म्हटल्यावर एक रुसलेली असायचीच, असं मी मनात म्हटलं. याच बैठकीत मी हेही ऐकलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं आहे म्हणून घाई आहे. वर्षाच्या आत म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही. घरात कोणी गेलं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत करतात. पण माझी ट्यूब पेटली नाही. माझं सगळं लक्ष कोपऱ्यातल्या सात गठ्ठ्यांवर होतं. प्रत्येक गठ्ठ्यात ऐंशी तुकडे, प्रत्येक बाईच्या स्वतःच्या जुन्या सुती साड्यांचे, आणि त्याच साडीच्या काठाने बांधलेले.

मी सतरंजीवर प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक तुकडा मांडला. सात तुकडे, सात मापं! वंदनाताईंचा साडेतीन आणि वर एक सूत. त्यांच्या नणंदेचा साडेतीन आणि दीड सूत. पुढचा पावणेचार, त्याच्या पुढचे दोन त्याहून मोठे, आणि सुरेखा नावाच्या हसऱ्या बाईंचा चार इंच एक सूत. शाळेत प्रार्थनेला उंचीने उभी केलेली मुलं असतात तसे ते तुकडे दिसत होते.

“हे असं कसं झालं?” माझा आवाज चढला. “मी नमुना पाठवला होता ना?”

“त्याचंच माप घेतलं,” वंदनाताई म्हणाल्या.

“सगळ्यांनी?”

“मी नमुन्यावरून घेतलं. नंदेनं माह्यावरून घेतलं. तिच्यावरून हिनं घेतलं.”

“आणि टेप?”

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. सुरेखाबाई म्हणाल्या, “ब्लाउज टाकाले जातो तवा टेप घेऊन जातो का मॅडम? मापाचं ब्लाउजच नेतो ना?”

बरोबर होतं. आपण सगळ्याच जणी शिंपिणीकडे मापाचं ब्लाउज देतो. ती ते कापडावर ठेवते, भोवती बोटभर दाब सोडते, म्हणजे आत शिलाईसाठी जास्तीचं कापड, पुढे बाई सुटली तर ढिलं करायला. या सहाजणींनी तेच केलं होतं. शिवलेला तुकडा माप म्हणून ठेवायचा, भोवती अंदाजाने दाब सोडायचा, कापायचं, शिवायचं, आणि आपला तुकडा पुढचीला माप म्हणून द्यायचा. कमी पडू नये म्हणून प्रत्येकीने थोडं थोडं जास्तच सोडलं होतं. चांगुलपणाने वाढत वाढत माप चारावर गेलं होतं.

मी हसले, कारण यावर उपाय होता. मोठा तुकडा छाटता येतो. तिरकी शिलाई पट्टीच्या तिरक्या रेघेवर धरायची आणि चारही बाजू साडेतीनला छाटायच्या. उलट पुष्कळ जण मुद्दाम मोठं शिवून असंच छाटतात, तुकडे जास्त अचूक येतात. मी हे सगळ्यांना सांगितलं, हवा थोडी सैल झाली, चहा आला. मग मी सातवा गठ्ठा मोजला. कांद्याच्या रंगाच्या साडीचा. त्यातला तुकडा साडेतीनला दीड सूत कमी होता. दुसरा काढला, तोही दीड सूत कमी. दहा मोजले, दहाच्या दहा तितकेच. कापण्यात चूक नव्हती, मी उलटून पाहिलं तर शिलाईच रेघेपासून दोनऐवजी तीन सुतांवर होती.

“हा एकच गठ्ठा लहान आहे,” मी म्हटलं. “लहान मोठा करता येत नाही. बघते काय करायचं ते.”

सगळ्या एकमेकींकडे बघत चहाचे कप गोळा करायला लागल्या. मला वाटलं माझ्या बोलण्याचं दडपण आलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे घर रिकामं झालं. फुलं तोडायला सगळे मळ्यात, फुलं उन्हाच्या आत बाजाराला गेली पाहिजेत. प्रणाली पहिल्या गाडीने अंजनगावला पत्रिका आणायला गेली. जाताना वंदनाताई म्हणाल्या, “तुमी झोपा आरामात.” मी कसली झोपते. हात शिवशिवत होते.

उपाय मला रात्री अंथरुणातच सुचला होता. कांदारंगी गठ्ठ्यातली तीन सुतांची शिलाई उसवायची आणि दोन सुतांवर परत घालायची. दाब कमी केला की तुकडा मोठा होतो, दीड सुताची तूट भरून निघते. मग बाकीचे साडेतीनला छाटायचे. हिशेब चोख होता. मी शिलाई उसवायचा सीम रिपर काढला, खिडकीपाशी बसले आणि पहिला तुकडा उसवायला घेतला.

काय शिलाई होती ती! बारीक, सरळ, टाके असे घट्ट की रिपरचं टोक आत जाईना. एक उसवली तर तिच्याखाली दुसरी, अगदी तिच्याच वरून घातलेली. गोधडीच्या तुकड्याला दुहेरी शिलाई कोण घालतं? मी त्या न आलेल्या सातव्या बाईवर चिडले. मनातल्या मनात तिला म्हटलंसुद्धा, बाई गं, सांगितलेलं ऐकायचं नव्हतं तर विचारलंस कशाला. दोन तास खपून चौदा तुकडे उसवले. तिरक्या कापलेल्या कडा म्हणजे उरेब, जरा ओढलं की ताणली जाते, म्हणून प्रत्येक तुकडा ओढ न देता अलगद सुटा केला आणि ओळीने मांडला. कामावर मी खूश होते हे कबूल केलं पाहिजे.

साडेआठच्या सुमारास वंदनाताई मळ्यातून आल्या. ओट्यावर टोपली ठेवली, आत डोकावल्या आणि उंबऱ्यातच खाली बसल्या.

“बाप्पा,” त्या म्हणाल्या. “हे तं मंदाचे.”

“मंदा कोण?” मी विचारलं. हातात रिपर होता.

“माही थोरली जाऊ. प्रणालीची माय.”

“त्यांना मी समजावून सांगते ना. कुठे असतात त्या?”

वंदनाताईंनी माझ्या हातातला रिपर काढून घेतला. मग म्हणाल्या, “दिवाईच्या सनात गेली. दोन दिवसाच्या तापानं. तिनंच हे काढलं होतं गोधडीचं. सगयात आधी तिचे शिवून झाले.”

मंदाताईंचा फोटो शेजारच्या घरात होता, मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. आणि पोरीसमोर तिच्या आईचा विषय नको म्हणून घरातलं कोणी बोललं नव्हतं. सहाजणी काल माझ्यासमोर बसून होत्या. मी त्यांना ऐकवत होते की हा एकच गठ्ठा चुकलाय.

“तुम्ही काल का नाही सांगितलं?” मी हे विचारलं याची मला आजही लाज वाटते.

“तुमी छाटनार म्हन्तलं होतं,” वंदनाताई म्हणाल्या. “उसवनार म्हन्तलं असतं तं सांगतलं असतं.”

त्या बाईच्या हातचे टाके जगात फक्त त्या ऐंशी तुकड्यांत उरले होते असं नाही, ती शिवणकाम करायची, तिने शिवलेली ब्लाउजं गावभर होती. पण मुलीसाठी म्हणून शिवलेले एवढेच होते. त्यातले चौदा मी दोन तास खपून, नखाने दोरे ओढून काढून टाकले होते. दोऱ्यांचा एक छोटा ढीग माझ्या पायाशी होता.

वंदनाताई म्हणाल्या, “तिले नोका सांगू. पटकन शिवून टाकू आपन. पोरीले काय समजते.”

मला तो मोह झाला, लपवत नाही. पटकन दोन सुतांवर शिवले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. पण मी सुईत दोरा ओवतच होते तोवर प्रणाली पत्रिकांचा खोका घेऊन दारात आली. तेव्हा मीच सांगितलं. जे केलं ते सगळं, मध्ये “मला माहीत नव्हतं” एकदाच म्हटलं.

ती रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. खोका खाली ठेवून तिने एक सुटा त्रिकोण उचलला.

“डबल शिलाई होती ना?”

“हो.”

“मंग तुमाले लय वेय लागला असंन.”

तिने तो त्रिकोण खिडकीच्या उजेडात धरला. मग मलाही बोलावलं. जुनी धुवट साडी, पण वीण घट्ट होती. जिथे शिलाई होती तिथे सुईची बारीक भोकं तशीच होती, एकामागे एक, सरळ ओळीत. उजेड त्यातून येत होता.

“हे भोकं आईचेच ना?” तिने विचारलं.

“हो. इस्त्री फिरली की मात्र बुजतील.”

“मंग इस्त्री नोका फिरवू.”

ती वंदनाताईंच्या पायमशीनवर बसली. मी पुढे झाले तर म्हणाली, “तुमी नोका हात लावू. तुमी फक्त सांगा.” म्हणून मी सांगत गेले. दोन्ही त्रिकोण भोकाला भोक लावून टाचणीने धर. उरेब ओढू नकोस, कापड आपोआप सरकू दे. पाय न मारता चाक हाताने फिरव, सुई भोकातच उतरली पाहिजे. अचूकपणाबद्दल मी अकरा वर्षांत जे जे शिकवलं ते त्या सकाळी पहिल्यांदा कोणाच्या तरी खरंच गरजेचं होतं. पहिल्या शिलाईला अर्धा तास गेला. ती झाल्यावर प्रणालीने त्याच भोकांतून दुसरी शिलाई घातली. आईने दुहेरी घातली होती म्हणून.

“पण शिलाई परत तीन सुतांवरच झाली,” मी चाचरत म्हटलं. “म्हणजे तुकडा परत दीड सूत कमी भरणार.”

तिने मशीनवरून मान वर केली. “आईचे उसवून मोठे करनार होत्या तुमी. बाकीचे कापून लहान कराले काय झालं?”

अक्षरशः तोंडात मारल्यासारखं झालं. साडेतीन हा आकडा मी ठरवलेला होता. देवाने दिलेला नव्हता. चारशे ऐंशी तुकडे त्यापेक्षा मोठे होते आणि छाटायचेच होते. दीड सूत अजून आत छाटले की संपलं. गोधडी लांबीला सव्वापाच इंच कमी होणार, रुंदीला चार इंचांच्या आत. आठवीतल्या मुलीलाही सुचेल असा उपाय, आणि मला तो सुचला नव्हता, कारण लहान गठ्ठा म्हणजे चुकीचा गठ्ठा असं मी मोजतानाच ठरवून टाकलं होतं.

दुपारी सहाहीजणी बसल्या. मंदाताईंच्या न उसवलेल्या तुकड्यावरून मी जाड प्लॅस्टिकच्या फाइलचा एकच साचा कापला, त्यावर तिरकी रेघ मारली. “माप फक्त याचं घ्यायचं,” मी म्हटलं, “शेजारणीच्या तुकड्याचं नाही.” साच्याची तिरकी रेघ शिलाईवर ठेवायची, चारही बाजूंना खडूने खूण करायची आणि कात्री चालवायची. साचा हातोहात फिरत होता, तो पोचेपर्यंत पुढची इस्त्री करून घेत होती, घासून नाही, उचलून दाबून, म्हणजे तिरकस ताणलं जात नाही. सुरेखाबाईंच्या तुकड्यांतून सगळ्यात मोठ्या चिंध्या निघत होत्या.

“माह्या लग्नातल्या साडीचं इतकं वाया चाललं,” त्या कुरकुरल्या.

“तुले कोनं सांगतलं होतं चार इंच कराले?” वंदनाताई म्हणाल्या.

“तूच म्हनली होती, दाब सोड म्हनून!”

यावर सगळ्या हसल्या, प्रणालीही. मी नाही हसू शकले. ती कोपऱ्यात हाताने चाक फिरवत होती, आणि दिवस मावळेपर्यंत तिचे चौदाही तुकडे झाले. मी एक उसवून शिवलेला आणि एक मूळचा शेजारी ठेवून पाहिला. खालून पाहिलं तर फरक कळत होता. तिचा दोरा नव्या रिळाचा, जरा पांढरट. वरून काही कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी पहिल्या चार ओळी जोडून झाल्या तेव्हा मी निघाले. टोकाला टोक लागत होतं, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. चिखलदऱ्याला जायला तसा एक दिवस हाताशी होता, पण मन झालं नाही. प्रणालीने मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. निघताना ती म्हणाली, “लग्नाले येजा. पन तो रिपर घरी ठेवजा.” वंदनाताई रिक्षापर्यंत आल्या, माझ्या पिशवीत वांगी आणि शेवंती एकत्रच कोंबली. “तुमचा नंबर मले मंदाच्याच फोनात सापडला होता,” म्हणाल्या. “तिनं तुमच्यासंग काही बोलनं केलं होतं वाट्टे.” मला आठवत नव्हतं. मला दिवसाला वीस-पंचवीस जणींचे मेसेज येतात.

परतीची वाट मी अकोटवरून घेतली. अंजनगाव ते अकोट आणि पुढे अकोला अशा दोन एसट्या, मध्ये थांबा धरून तीन तास पकडा, दोन्ही अर्ध्या तिकिटात. अकोल्याला स्टँडपासून स्टेशनपर्यंत ऑटोवाले आधी भाव सांगत नाहीत, तो बसायच्या आधी ठरवा. कापसाच्या गाठींचे ट्रक उभे होते, त्यांच्यामुळे ऑटो वीस मिनिटं अडकला. ऑटोवाला म्हणाला, “ताई, गाडी सुटली तं दुसरी आहे, टेन्शन नोका घेऊ.” एरवी मी त्याच्याशी वाद घातला असता. गाडी मिळाली. खिडकीपाशी बसून मी माझ्याच बोटांकडे बघत होते.

घरी येऊन पंधरवडा होत आला. लग्न झालं. मी गेले नाही, तिकीट काढून रद्द केलं. वंदनाताईंनी फोटो पाठवला, पलंगावर गोधडी अंथरलेली. पायथ्याशी पलंग थोडा उघडा दिसतो. माझ्या वर्गातल्या बायकांनी फोटो पाहून पहिला प्रश्न विचारला की टोकं इतकी कशी जुळली. मी त्यांना साच्याचं सांगितलं. बाकीचं सांगायला जमलं नाही, म्हणून हे लिहिलं.

यातून काय राहिलं म्हणाल तर एक मेसेज. फोटोला उत्तर द्यायच्या आधी मी वंदनाताईंचं ते वाक्य आठवून फोनमध्ये “अंजनगाव” असं शोधलं. गणपतीच्या दिवसांतला एक नंबर निघाला, नाव न जतन केलेला. नमुना पाठवायला पत्ता दिलेला होता. त्याच्या खाली, दोन दिवसांनी:

“मॅडम दाब तीन सूत घेतला तर चालते का. पोरगी झोपेत लय लाथा मारते. गोधडी उसवाले नाही पाहिजे.”

मी लगेच उत्तर दिलं होतं: “नाही. दोन म्हणजे दोनच सूत. अचूकपणा महत्त्वाचा.”

त्यावर तिने लिहिलं होतं, “बरं मॅडम.” आणि मग ऐंशीच्या ऐंशी तुकड्यांना तीन सुतांचा दाब घेतला होता.